सशाचे लोंबते कान, मूर्च्छित माशी : वाचकांचे प्रश्न

या वेळी सात पत्रे एकत्र घेतली आहेत. वरवर ती वेगवेगळ्या विषयांची दिसतात, पण सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतात: मेंदूतील रसायन, एकेका पेशीच्या आत चालणारे काम आणि डोळ्यांना दिसणारी हालचाल यांची सांगड कशी लागते? उत्तरांची जुळवाजुळव करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. धडधाकट प्राणी चालत-पळत असतो तेव्हा तो संशोधकाला फारसे काही सांगत नाही. तो अडखळला, थबकला किंवा कोसळला, की मगच आतली यंत्रणा कुठे आणि कशी जोडलेली आहे ते कळू लागते. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांना गेल्या वर्षी पार्किन्सनचे निदान झाले. मेंदूतले डोपामिन हे रसायन कमी झाले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. पण गोळी मात्र लेव्होडोपा आणि कार्बिडोपा अशा दुसऱ्याच दोन द्रव्यांची दिली. जे कमी पडले आहे तेच का देत नाहीत? आणि डोपामिन कमी असते हे मुळात शोधले कोणी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात पहिल्याचे उत्तर बरेचसे येऊन जाते, शिवाय त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. सर्पगंधेची मुळी भारतात उन्माद आणि निद्रानाश यांवर पूर्वापार दिली जात असे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा काय परिणाम होतो याचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रेसर्पीन. रक्तदाबासाठी आणि मनोविकारांसाठी ते जगभर वापरले जाऊ लागले, तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आले की ते मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांचे हातपाय ताठरतात, चेहरा निर्विकार होतो आणि चाल मंदावते. औषधाने पार्किन्सनच्या रोगाची जणू नक्कल केली होती.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठात आर्व्हिड कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच नक्कल प्रयोगशाळेत आणली. रेसर्पीन टोचलेला ससा मरत नाही. तो आहे त्या जागी नुसता पडून राहतो, पापण्या मिटू लागलेल्या, एरवी ताठ असणारे कान दोन्ही बाजूंना लोंबलेले. अशा सशाला त्यांनी डोपा हे द्रव्य (लेव्होडोपा हे त्याचेच एक रूप) टोचले, आणि थोड्याच वेळात त्याचे कान उभे राहिले व तो हिंडू-फिरू लागला. सेरोटोनिन हे मेंदूतले दुसरे एक रसायन ज्या द्रव्यापासून बनते ते टोचून पाहिले, तर ससा हलला नाही. हा शोधनिबंध १९५७ चा. त्या काळी डोपामिनला स्वतःचे काही काम असेल असे कोणाला वाटत नव्हते. नॉरॲड्रेनॅलिन हे आणखी एक रसायन बनवताना वाटेत तयार होणारा कच्चा माल, एवढीच त्याची ओळख होती. कार्लसन यांच्या गटाने मात्र उठून बसलेल्या सशांचे मेंदू तपासले, तेव्हा नॉरॲड्रेनॅलिन भरून आलेले नव्हते, डोपामिन आलेले होते. पुढे लुंडमध्येच असेही दिसले की मेंदूतील डोपामिनचा मोठा साठा हालचालींचे नियमन करणाऱ्या, खोलवर असलेल्या स्ट्रायटम नावाच्या भागात एकवटलेला असतो.

आता माणसाकडे. व्हिएन्नात ओलेह हॉर्नीकिविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंच्या ऊतींची तपासणी केली. त्यांत सहा मेंदू पार्किन्सनसदृश आजाराच्या रुग्णांचे होते. त्यांची पद्धत रंगाची होती: ऊतीच्या अर्कात आयोडिन घातले की डोपामिन असेल तर गुलाबी छटा येते. निरोगी मेंदूंच्या नळ्या गुलाबी झाल्या. रुग्णांच्या नळ्यांत रंगाची जेमतेम झाक दिसली. मोजमाप करणारे यंत्र लावण्याआधीच निष्कर्ष नुसत्या डोळ्यांना दिसत होता. १९६० मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील वॉल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा देऊन पाहिले. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली, पण परिणाम काही तासच टिकला. तोंडाने, हळूहळू वाढवत नेलेल्या मोठ्या मात्रेत डोपा देऊन सुधारणा टिकवून धरता येते, हे १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉटझियास यांनी दाखवले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. हॉर्नीकिविच यांना त्यात स्थान नव्हते, आणि त्याचा निषेध म्हणून दोनशेहून अधिक मेंदूविकारतज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहिले. माझ्या मते त्या पत्रात तथ्य होते.

मग डोपामिनच का देत नाहीत? मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातील बहुतेक द्रव्ये त्यांच्यामधून आत जाऊ शकत नाहीत, आणि डोपामिनही त्यांपैकीच एक. लेव्होडोपा मात्र रचनेने अमिनो आम्ल असल्यामुळे, अमिनो आम्ले आत नेणाऱ्या वाहक प्रथिनांवर स्वार होऊन मेंदूत शिरते, आणि आत गेल्यावर एका विकराच्या क्रियेने त्याचे डोपामिन होते. अडचण अशी की तेच विकर आतड्यात, यकृतात, सगळ्या शरीरभर असते. त्यामुळे नुसते लेव्होडोपा दिले तर त्याचा मोठा भाग वाटेतच डोपामिन बनून वाया जातो आणि वर मळमळ होते ती वेगळीच. कार्बिडोपा या विकराला अडवते, पण स्वतः मेंदूत शिरत नाही. बाहेरची गळती बंद, आतले काम चालू. गोळीत दोन द्रव्ये असण्याचे कारण हे.

यातून घरात उपयोगी पडणारी एक बाब निघते. जेवणातील प्रथिनांपासून सुटणारी अमिनो आम्लेही त्याच वाहकांसाठी रांगेत उभी असतात, म्हणून भरपूर डाळ, पनीर किंवा मांस यांच्या जेवणासोबत गोळी घेतली तर काही रुग्णांत तिचा परिणाम उशिरा किंवा कमी जाणवतो. जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवावे हे वडिलांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. प्रथिने मात्र परस्पर बंद करू नयेत, या आजारात वजन घटणे हीदेखील एक चिंता असते.

प्रश्न : माझ्या आईला सुरुवातीची काही वर्षे एका गोळीवर चार-पाच तास बरे वाटायचे. आता दोन-अडीच तासांतच हात जड होतात आणि मध्येच मान-खांदे नको तितके हलतात. औषधाची सवय झाली का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : "सवय" हा शब्द येथे दिशाभूल करतो. सोसायटीच्या गच्चीवर मोठी टाकी असते तेव्हा नळाला पाणी दिवसातून एकदाच आले तरी घरात ते दिवसभर मिळते. टाकीला गळती लागून ती लहान होत गेली, की नळाची वेळ आणि घरातले पाणी एकच होऊन बसते. मध्यमेंदूतील कृष्णद्रव्य या भागातील ज्या चेतापेशी डोपामिन बनवतात, त्या गोळीतून आलेला माल साठवून लागेल तसा सोडण्याचे कामही करतात. निदान होते तेव्हाच या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक गेलेल्या असतात, आणि त्यांचे घटणे पुढेही चालू राहते. साठवण करणाऱ्या पेशी उरल्या नाहीत, की रक्तातील लेव्होडोपाचा चढ-उतार जसाच्या तसा हातापायांत उमटतो: मात्रा खाली गेली की जडपणा, वर गेली की नको असलेली हालचाल. मात्रा लहान करून वारंवार देणे, सावकाश सुटणाऱ्या गोळ्या, डोपामिनचे विघटन लांबवणारी औषधे आणि निवडक रुग्णांत मेंदूत विद्युत्‌अग्र बसवण्याची शस्त्रक्रिया हे सगळे उपाय या चढ-उताराला सपाट करण्यासाठीच आहेत. कोणत्या वेळी हात जड होतो आणि कोणत्या वेळी मान हलते याची आठवडाभराची नोंद वहीत करून न्यावी. मेंदूविकारतज्ज्ञाला त्या पानाचा फार उपयोग होतो.

प्रश्न : आमच्याकडे कुंपणाला खाजकुइली माजते. तिच्या बियांच्या चूर्णाने कंपवात (पार्किन्सन) बरा होतो, असे शेजारचे आजोबा सांगतात. तथ्य किती? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : "बरा होतो" हे खरे नाही, "लक्षणे कमी होऊ शकतात" हे खरे आहे, आणि त्याचे कारण गूढ नाही. शेंगेवरच्या लवेने अंगाची आग करणाऱ्या या वेलीच्या बियांत लेव्होडोपाच असते. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते बियांतून वेगळे करून दाखवले होते, म्हणजे कार्लसन यांच्या सशांच्या वीस वर्षे आधी. फक्त त्याचे मेंदूत काय काम असते हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हते. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत या बियांच्या तयार पुडीने नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर गुण दिला आणि तो अधिक काळ टिकला. आठ रुग्णांवरून काही ठरत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखीही ती गोष्ट नाही.

अडचण मात्रेची आहे. बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण वाण, जमीन आणि साठवण यांनुसार बदलते, त्यामुळे दोन पुड्या सारख्या दिसल्या तरी त्यांतील औषध सारखे असेलच असे नाही. चालू गोळीवर हे चूर्ण गुपचूप घेतले तर मात्रा नकळत वाढते, आणि मग भ्रम होणे, रक्तदाब एकदम उतरणे, नको त्या हालचाली सुरू होणे असे प्रकार घडतात. याच्या उलट, चूर्णावर भरवसा ठेवून गोळी एकदम थांबवली तर तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जिवावर बेतू शकते. आजोबांचे म्हणणे डॉक्टरांच्या कानावर घालावे, लपवू नये.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. काही फळमाश्या खोली तापली की पटापट बेशुद्ध पडतात आणि थंड केल्यावर उठतात, असा उल्लेख आमच्या सरांनी केला. उष्णतेने असे का व्हावे, आणि पेशीच्या अभ्यासाशी याचा संबंध काय? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : हा प्रयोग मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटतो. काचेच्या नळीत माश्या आहेत, भिंतीवर चढताहेत, उडताहेत. नळी तीस अंशांच्या आसपास तापवली की एक-दोन मिनिटांत त्या सगळ्या तळाशी उताण्या पडतात. पुन्हा गार केली की काही मिनिटांत जणू काही घडलेच नाही अशा चालू लागतात. शेजारच्या नळीतील साध्या माश्यांना त्याच उष्णतेने काहीही झालेले नसते. जपानी भाषेत बधिर होण्याला जो शब्द आहे त्यावरून जनुकात बदल झालेल्या या उत्परिवर्ती माशीला "शिबिरे" म्हणतात.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जीवशास्त्राचा गट उभा करणारे ओबेद सिद्दिकी यांनी अमेरिकन संशोधक सीमोर बेन्झर यांच्यासोबत अशा तापमानाने लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर काम केले. त्यांचा शोधनिबंध १९७६ चा आहे. त्या काळात सापडलेल्या माश्या वरून अगदी सारख्या दिसत, म्हणजे तापवल्या की पडत. पण बिघाडाची जागा मात्र प्रत्येकीत वेगळी निघाली. एकीत चेतातंतूतून विद्युत्‌ संदेश वाहून नेणारा सोडियमचा मार्गच गरम झाल्यावर बंद पडत होता. दुसरीत, जिला "कोमाटोज" हे नाव मिळाले, संदेशद्रव्य बाहेर टाकण्याच्या यंत्रणेतील एक प्रथिन नादुरुस्त होते. तिसरी ही शिबिरे.

शिबिरेतील गोष्ट लग्नाच्या पंगतीवरून सांगता येईल. चेतापेशीच्या टोकाशी संदेशद्रव्याने भरलेल्या हजारो सूक्ष्म पुटिका असतात. संदेश आला की त्या पेशीच्या कडेला येऊन फुटतात, द्रव्य पलीकडच्या स्नायूवर पडते आणि स्नायू आकसतो. वाढपी भांडे रिकामे करतो तसे. पण रिकामे भांडे परत स्वयंपाकघरात आले नाही, तर चार पंगतींनंतर वाढायला भांडीच उरत नाहीत, मग आत आमटी कितीही शिजलेली असो. पेशीलाही फुटलेल्या पुटिकेचे पटल परत आत ओढून, चिमटून, तोडून घ्यावे लागते, आणि हे तोडण्याचे काम डायनॅमिन नावाचे प्रथिन करते. शिबिरे माशीच्या डायनॅमिनमध्ये असा दोष आहे की गारव्यात ते काम करते आणि उष्णतेत करत नाही. तापलेल्या माशीच्या चेतासंधींचा, म्हणजे चेतापेशी जिथे पुढच्या पेशीला भिडते त्या जागांचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतला तेव्हा पुटिका जवळपास संपलेल्या आणि कडेवर अर्धवट चिमटलेल्या, मानेशी अडकलेल्या खळग्या दिसल्या. भांडी दारात अडकलेली!

शिबिरे जनुक डायनॅमिनचेच आहे हे १९९१ मध्ये सिद्ध झाले, आणि हेच प्रथिन आपल्याही पेशींत असते. पुढे संशोधकांनी या दोषाचेच हत्यार केले: माशीच्या मेंदूतील हव्या त्याच पेशींत शिबिरेचे जनुक घालायचे आणि नळी तापवायची, म्हणजे तेवढ्याच पेशी गप्प होतात व बाकीची माशी जागी राहते. अमुक पेशी गप्प केल्यावर माशी चालते पण वास विसरते, तमुक केल्यावर उडते पण वळत नाही, असे एकेक काम त्यामुळे वेगळे काढता आले. प्रात्यक्षिकासाठी आपल्या महाविद्यालयाला ड्रोसोफिलाचे, म्हणजे या फळमाशीचे, वाण मिळवता आले तर पाण्याचे तापपात्र आणि काचेच्या नळ्या एवढ्या साहित्यावर हा प्रयोग होतो. तापमान मात्र जपावे. फार चढले तर साध्या माश्याही मरतात.

प्रश्न : डोपामिन हे आनंदाचे रसायन ना? मोबाइल बंद ठेवून "डोपामिनचा उपवास" करावा असे हल्ली सगळीकडे ऐकू येते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : मोबाइल जरूर बंद ठेवावा, पण त्याने डोपामिनचा उपवास घडत नाही, तो खरोखर घडला तर काय होते हे लुंडच्या सशांनी दाखवलेले आहे. एकाच रेणूला एकच काम चिकटवण्याची ही सवय सोडलेली बरी. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक कृमी घ्या. त्याच्या उभयलिंगी रूपात एकूण ३०२ चेतापेशी, त्यांतल्या डोपामिन बनवणाऱ्या फक्त आठ. सरपटत असताना तो जीवाणूंच्या थरावर, म्हणजे आपल्या अन्नावर आला की त्याचा वेग कमी होतो, आणि डोपामिन बनवू न शकणारा कृमी मात्र त्याच वेगाने पुढे सरकत राहतो. माणसात जे रसायन कमी पडले की चाल मंदावते, तेच येथे चाल मंदावण्यासाठी लागते. रेणू तोच, पण तो कोणत्या पेशीतून सुटतो आणि पलीकडच्या पेशीवर तो पकडणारे कोणते ग्राहक-प्रथिन बसलेले आहे यावर सगळे अवलंबून.

प्रश्न : मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. हाताची चेता तुटून जोडली गेलेल्या रुग्णाला आम्ही "दिवसाला सुमारे एक मिलिमीटर" असा हिशेब सांगतो. वाढ इतकी संथ का असते? पेशीच्या आत सामान कसे पोहोचते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचे मुख्य शरीर कण्याच्या खालच्या भागात असते आणि तिचा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो. बहुतेक प्रथिने मुख्य शरीरातच बनतात. म्हणजे टोकाला लागणारे बरेचसे सामान पेशीच्या आतूनच एवढे अंतर वाहून न्यावे लागते. पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी १९४८ मध्ये उंदराच्या चेतेला आवळून ठेवले, तेव्हा गाठीच्या मुख्य शरीराकडच्या बाजूला तंतू फुगले आणि गाठ सोडल्यावर साचलेला ऐवज पुढे सरकू लागला. वाहतूक आहे, हे पुन्हा तिला अडवल्यावरच दिसले.

हमाल कोण हे कळायला १९८५ साल उजाडावे लागले. अमेरिकेत वुड्स होल येथे रोनाल्ड व्हेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ यांनी माकुळाच्या जातीतल्या स्क्विडच्या जाडजूड चेतातंतूतून एक प्रथिन वेगळे केले आणि त्याला कायनेसिन नाव दिले. पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात. कायनेसिनचे दोन पाय त्यांवर आळीपाळीने पडतात, प्रत्येक पावलाला एटीपी या पेशीतील इंधनाचा एक रेणू खर्च होतो आणि पाऊल असते ८ नॅनोमीटरचे. या हिशेबाने एक मीटर म्हणजे साडेबारा कोटी पावले. परतीच्या दिशेने ओझे नेणारे डायनीन हे निराळे प्रथिन. अशा हमालांचे बळ प्रकाशाच्या चिमट्यात कण पकडून मोजण्याचे काम मुंबईत रूप मल्लिक यांनी केले आहे, तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट वर उल्लेख केलेल्या पारदर्शक कृमीच्या चेतातंतूंतील ही ये-जा जिवंत प्राण्यात पाहतो.

आता आपल्या मिलिमीटरबद्दल. पुटिकांची जलद वाहतूक दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटरपर्यंत होते, म्हणजे कण्यापासून अंगठ्यापर्यंत अडीच ते पाच दिवस. परंतु तंतू नव्याने वाढवायचा तर त्याचा सांगाडा उभारणारी प्रथिने लागतात, आणि ती संथ वाहतुकीने सरकतात. तिचा वेग दिवसाला मिलिमीटरच्या काही अंशापासून काही मिलिमीटरपर्यंतच असतो. आपण रुग्णाला सांगता तो आकडा या संथ वाहतुकीशी जुळतो. घाई करून तो वाढवता येत नाही, म्हणून मधल्या काळात सांधे आखडू न देणे हेच आपले काम ठरते, आणि ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

प्रश्न : जीवाणूला मेंदू नसतो, चेतापेशीही नसतात. तरी तो साखरेकडे कसा जातो? (एक विद्यार्थी, इयत्ता नववी, मडगाव)

उत्तर : तो साखरेकडे तोंड करून सरळ जात नाही, गंमत इथेच आहे. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय जीवाणू साधारण एक सेकंद सरळ पोहतो, मग सेकंदाच्या दहाव्या भागापुरता गडबडतो आणि भलत्याच दिशेला तोंड करून पुन्हा सुटतो. १९७२ मध्ये हॉवर्ड बर्ग यांनी एकेका जीवाणूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक बनवून हे मोजले. साखर वाढत चालली असेल तर गडबडणे लांबणीवर पडते, म्हणजे चांगल्या दिशेची धाव लांबते. एवढ्यावर काम भागते. आता साखर जास्त आहे की मघाशी होती, हे कळायला आठवण लागते, आणि ती त्याच्याकडे काही सेकंदांचीच असते, प्रथिनांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या छोट्या रासायनिक खुणांच्या रूपात.

त्याचे शेपूट मात्र माशासारखे हलत नाही. पूर्वी सगळ्यांना तसेच वाटायचे. १९७४ मध्ये मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्व्हिन सायमन यांनी जीवाणूचे शेपूट काचेला चिकटवून टाकले, म्हणजे ते हलायची सोयच ठेवली नाही, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. शेपूट जागेवरच राहिले आणि त्याच्याभोवती अख्खा जीवाणू भोवऱ्यासारखा गरगर फिरू लागला, मध्येच थांबून उलट्या दिशेने, पुन्हा सुलट. शेपटाच्या मुळाशी खरोखरच फिरणारी मोटर होती, आणि ती पेशीत शिरणाऱ्या प्रोटॉनच्या प्रवाहावर चालत होती.